अठरा महिने

गरोदरपणाची नोंद करायला सरकारी दवाखान्यात गेलेल्या बाईचे रक्त इतर तपासण्यांबरोबर एचआयव्हीसाठीही तपासले जाते. आपल्या शरीरात हा विषाणू आहे, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी जणींना पहिल्यांदा तिथे, समुपदेशकासमोर बसल्यावर कळते. बहुतेकींना तो नवऱ्याकडून आलेला असतो; बोल मात्र सुनेच्या पायगुणाला लागतो. २०१७च्या कायद्याने अशा व्यक्तीची ओळख तिच्या संमतीशिवाय उघड करण्यास मनाई केली आहे. या चित्रफितीत म्हणूनच कोणाचे नाव, गाव येणार नाही.

उपचार नसतील, तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. गोळ्या नियमित चालू असतील, तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. ही औषधे एप्रिल २००४पासून सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू लागली, आणि २०१४पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला, तिची प्रतिकारशक्ती कितीही चांगली असली तरी, ती आयुष्यभरासाठी सुरू केली जातात.

खरी कसोटी बाळंतपणानंतर घरातच लागते. पहिले सहा महिने बाळाला केवळ अंगावरचे दूध द्यावे, किंवा ते अजिबात न देता केवळ वरचे दूध द्यावे. दोन्हींची सरमिसळ झाली, तर बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होऊन लागणीचा धोका वाढतो. आता आपल्याकडे बाळाला मध चाटवणे, बाळगुटी उगाळून देणे हे आजीच्या मायेचेच काम समजले जाते. आजाराचा उच्चार न करता सासूच्या हातातली ती वाटी रोज परत करायची, वर ‘शिकल्याचा तोरा’ हा शेराही ऐकून घ्यायचा, याला काय बळ लागत असेल, याची नोंद दवाखान्याच्या कागदांवर कुठेच होत नाही.

जन्मल्यापासून निदान सहा आठवडे बाळाला नेव्हिरॅपिन हे विषाणूला रोखणारे औषध पाजले जाते. सहाव्या आठवड्यात त्याच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन पहिली तपासणी होते, पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात. आईच्या शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे अंतिम निर्वाळा अठराव्या महिन्यानंतरच मिळतो.

यांतल्या काही जणी तोवर विधवा झालेल्या असतात. बाधितांचे वधू-वर मेळावे महाराष्ट्रात भरत आले आहेत, आणि तिथे पत्रिकेआधी गोळ्यांची चौकशी होते. मूल असलेल्या बाईचा प्रश्न याहून सरळ असतो: शाळेत याला नाव लावाल का? होकार आला, तर बोलणी पुढे सरकतात. विषाणूचे प्रमाण आटोक्यात असलेल्या अशा जोडप्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने आणखी एका मुलाचा विचारही करता येतो.