फ्लॉरेन्समध्ये हॉप ऑन हॉप ऑफ बस घ्यावी का?

नमस्कार मंडळी! माझ्या मागे दिसतंय ते फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशन. रेल्वेच्या तिकिटावर मात्र 'फिरेंझे' लिहिलेलं असतं, तेव्हा 'फ्लॉरेन्स' शोधत फलाटावर पळापळ करू नका.

स्टेशनाबाहेर आलात की उघड्या टपाच्या बसचं तिकीट विकणारे गाठतातच. हवं तिथे उतरा, निवांत बघा, मागून येणाऱ्या बसमध्ये चढा. घ्यायचं का?

डुओमो (मोठं कॅथेड्रल), उफीझी (चित्रसंग्रहालय), पोन्ते वेक्यो (जुना पूल) एवढंच बघायचं असेल तर अजिबात नको. जुन्या गावाचा मधला भाग 'झेडटीएल', म्हणजे परवान्याशिवाय गाडी आणायला बंदी. कॅमेरे लावलेत, भाड्याची कार चुकून आत घातलेल्यांना दंडाची नोटीस पार घरी परतल्यावर येते. त्यात गल्ल्या अशा, की दुमजली बसचा निभावच लागायचा नाही. आणि डुओमो इथून चालत जेमतेम दहा मिनिटं!

मग बस कशासाठी? चढासाठी. आई-बाबा सोबत असतील, गुडघे कुरकुरत असतील, तर पियाझाले मिकेलांजेलो आणि फिएसोले या दोन टेकड्यांसाठी ही बस घ्या.

(पडद्यावर नकाशा)

हे रुंद, झाडीचे रस्ते बघा. 1865 ते 1871 फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं. राजधानी म्हणजे ऐसपैस रस्ते हवेत, म्हणून वास्तुविशारद ज्युसेप्पे पोज्जी यांनी आर्नो नदीच्या उत्तरेचा जुना तट पाडून हे रस्ते आखले, दक्षिणेला टेकडीवर वळणावळणाची वाट काढली आणि 1869 मध्ये वरचा चौक, म्हणजेच पियाझाले मिकेलांजेलो, रचला. रस्ते होईपर्यंत राजधानी रोमला गेली! बस पळते ती याच रस्त्यांवर.

चौकात मायकेलँजेलोच्या प्रसिद्ध डेव्हिडचा पुतळा आहे, पण तो ब्राँझचा, नक्कल. खरा संगमरवरी 1873 पासून अकादेमिया संग्रहालयात. इथे यायचं ते डुओमोवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट अख्ख्या गावावर कसा बसलाय ते बघायला. संध्याकाळी तोबा गर्दी असते. थोडं वर सान मिनियातोच्या चर्चपाशी जा, तिथे जरा शांतता मिळते.

फिएसोलेला रोमन नाट्यगृह आहे आणि त्याहून जुनी, रोमनांच्या आधीच्या एत्रुस्कन लोकांची भिंत. तिथे साधी सात नंबरची सिटी बसही जाते, खूप स्वस्तात. चौकात बारा नंबरची. मला विचाराल तर मी सिटी बसच घेतो. पण टपावरचा वारा हवा असेल, तर ही घ्या. उन्हाळ्यात टोपी विसरलात तर मात्र भाजून निघाल. आणि तिकीट चोवीस तासांचं असेल तर ते पहिल्यांदा चढल्यापासून मोजतात की त्याच दिवसापुरतं, हे आधी विचारा.

आता आपल्या माणसांसाठी एक जागा. ती या बसच्या थांब्यांत शोधू नका. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इथेच वारले. वय अवघं वीस. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम वेगळे हं, हे त्यांच्या कितीतरी आधीचे. पोज्जींचे रस्ते तेव्हा अजून बांधून व्हायचे होते. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, काशिने बागेच्या पार टोकाला त्यांचं दहन झालं. घरी असते तर पंचगंगेचा काठ असता. 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली, आत त्यांचा फेट्यातला अर्धपुतळा. शेजारच्या मोठ्या पुलाचं नाव 'पोन्ते आल्लिंदियानो', भारतीयाचा पूल. त्यावरून रोज जाणाऱ्या कितीजणांना हा भारतीय कोण ते ठाऊक असेल, देव जाणे.

ट्राम टी-वन घ्यायची, 'काशिने'ला उतरायचं आणि झाडीतून सरळ पश्चिमेला चालायचं. अर्धा-पाऊण तास लागतो. मी निघालोच आहे, उजेड आहे तोवर पोचायचंय.