एरर दिसते एकीकडे, बिघाड असतो दुसरीकडे

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज समोर बसलेल्यांपैकी बरेच जण अक्कलकोट रस्त्यावरच्या आणि चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांचे संगणक सांभाळतात, काही जण रुग्णालयांतले आहेत आणि मागच्या रांगांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी बसले आहेत. त्यामुळे नॅस म्हणजे नेटवर्कवरचे स्टोरेजचे यंत्र आणि एनएफएस व एसएमबी म्हणजे त्यावरच्या फाइली दुसऱ्या यंत्रावरून वापरण्याच्या पद्धती, यापलीकडे मी सांगत बसणार नाही. सर्व्हर आणि नेटवर्कवरचे स्टोरेज यांच्यातला संबंध तुटला तर शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हा आजचा विषय. तो क्रम मी सांगणारच आहे. पण क्रम पाठ असलेली माणसेही नेमकी कुठे घसरतात, हे एका प्रसंगातून जितके स्पष्ट होते तितके नियमांच्या यादीतून होत नाही, म्हणून तो प्रसंग आधी.

आपल्याकडचाच एक टॉवेलचा कारखाना. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, डिझाइनच्या फाइली, ऑर्डरी, बिले असे सगळे एका लिनक्स सर्व्हरवर, आणि रोज रात्री त्याचा बॅकअप एनएफएसवरून नॅसमध्ये जाई. वळवाच्या पावसात वीज गेली, जनरेटर सुरू होण्याआधी यूपीएस उतरला आणि दोन्ही यंत्रे बंद पडली. वीज आल्यावर सर्व्हर पटकन उठला. नॅसने मात्र आधी आपल्या डिस्क तपासायला घेतल्या, त्यामुळे त्याला उशीर झाला. सर्व्हरने नॅस माउंट करून, म्हणजे आपल्या एका फोल्डरला जोडून, पाहिले तेव्हा पलीकडे कोणी नव्हते. काय कुठे माउंट करायचे ते सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये 'नोफेल' हा पर्याय लिहिलेला असल्याने सर्व्हर अडून बसला नाही, माउंट न करताच पुढे गेला. येथपर्यंत कोणाचेच काही चुकलेले नाही, हे लक्षात घ्या.

त्या रात्री बॅकअपची स्क्रिप्ट चालली. तिला बॅकअपचे फोल्डर सापडले, कारण माउंट झाले नाही तरी रिकामे फोल्डर जागेवर असतेच. तिने त्यात लिहिले. कोणतीही एरर आली नाही, सकाळी ईमेलवर 'बॅकअप यशस्वी' असा निरोपही आला. प्रत्यक्षात तो बॅकअप सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवर साठत होता. असे रोज होत राहिले आणि एका सकाळी बिलांचे सॉफ्टवेअर थांबले. पडद्यावर संदेश होता की डिस्कवर जागा शिल्लक नाही. मग काय, मोठी डिस्क मागवायचे ठरले. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते हेच.

आता खरा घोळ ऐका. डिस्क येईपर्यंत काम चालावे म्हणून सर्व्हर रिस्टार्ट केला गेला. या वेळी नॅस चालू असल्यामुळे माउंट व्यवस्थित झाले आणि त्या फोल्डरमध्ये नॅसवरच्या फाइली दिसू लागल्या. सर्व्हरच्या डिस्कवर चुकून साठलेला बॅकअप मात्र त्या माउंटच्या खाली झाकला गेला. डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या 'डीएफ'ला विचारावे तर डिस्क भरलेली, 'डीयू'ने फोल्डर मोजावीत तर बेरीज निम्म्यावरही जात नाही. जागा खाणारी वस्तू तिथेच आहे, पण कोणत्याही यादीत नाही. माउंट काढून खालचे फोल्डर उघडले, तेव्हा सगळा उलगडा झाला. नॅसवर मात्र मधल्या सगळ्या रात्रींचा बॅकअप नव्हता, आणि ही उणीव डिस्क भरण्यापेक्षा कितीतरी गंभीर होती.

माझी तक्रार आहे ती या रिस्टार्टबद्दल. त्या सकाळी सर्व्हरवर 'माउंट' एवढी एक आज्ञा दिली असती तर यादीत नॅस नाही हे क्षणात दिसले असते. रिस्टार्टने तो पुरावाच पुसला. डीमेसेजमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने लिहिलेल्या, नोंदी जातात, उघडी कनेक्शने जातात, अडकलेल्या प्रोसेस जातात. मागावर धागा तुटला तर आपला कारागीर माग बंद करून पुन्हा चालू करत नाही, तुटलेले टोक शोधून सांधतो. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या हे कौशल्य आहे, त्या गावात सर्व्हर मात्र बटणावर दुरुस्त करावा, हे मला मनापासून खटकते. आधी तारीख-वेळ, एररचे शब्द जसेच्या तसे, माउंटची यादी आणि डीमेसेजच्या शेवटच्या ओळी एका फाइलमध्ये उतरवून घ्या. त्यानंतर खुशाल रिस्टार्ट करा.

या प्रसंगावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. स्क्रिप्टच्या आरंभी 'माउंटपॉइंट' ही आज्ञा घालून फोल्डर खरोखर माउंट आहे का ते तपासावे आणि नसेल तर तिथेच थांबावे. शिवाय माउंट काढलेले असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'चॅटर' या आज्ञेने न बदलण्याची खूण लावली, तर चुकूनही कोणाला त्यात लिहिता येत नाही.

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली तयार केले. त्याच कंपनीतल्या पीटर डॉइच यांनी १९९४ च्या सुमारास वितरित, म्हणजे अनेक यंत्रांवर पसरलेल्या, प्रणालींबद्दलच्या गैरसमजांची यादी केली, तिच्यातला पहिलाच गैरसमज आहे की नेटवर्क भरवशाचे असते. एनएफएसच्या रचनेत हा अविश्वास मुरलेला आहे. नेहमीच्या 'हार्ड' माउंटमध्ये स्टोरेज गेले तर सर्व्हर हार मानत नाही, विचारत राहतो. म्हणून फाइलींची यादी मागणारे 'एलएस' केले की पडदा गोठतो, आणि सीपीयू रिकामा असूनही लोड वाढत जातो, कारण वाट पाहणाऱ्या प्रोसेसही लोडमध्ये मोजल्या जातात. हे पाहून घाबरून 'सॉफ्ट' माउंट करू नका. त्यात ठरावीक प्रयत्नांनंतर प्रोग्रॅमला एरर मिळते, आणि लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने ती नीट हाताळली नाही तर फाइल अर्धवट राहते. गोठलेला पडदा परवडला, अर्धवट फाइल परवडत नाही.

संयोजकांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा कबूल केलेला क्रम आता भराभर सांगतो.

पिंगवर थांबू नका. पिंग लागला म्हणजे यंत्र जागे आहे, सेवा चालू आहे असे नव्हे. थेट पोर्ट, म्हणजे त्या सेवेचा ठरलेला दरवाजा, तपासा: एनएफएससाठी २०४९, एसएमबीसाठी ४४५, नेटवर्कवरून अख्खी डिस्क जोडणाऱ्या आयस्कझीसाठी ३२६०. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले तर यंत्रापर्यंत आपण पोचलो आहोत, पण त्या पोर्टवर बहुधा कोणी ऐकत नाही, म्हणून स्टोरेजवरची सेवा पाहा. 'टाइम्ड आउट' आले तर उत्तरच आले नाही, म्हणून फायरवॉल, केबल, स्विच, पत्ता पाहा. 'अॅक्सेस डिनाइड' आले तर नेटवर्क ठीक आहे, पण एक्सपोर्टच्या, म्हणजे फोल्डर कोणाला द्यायचे त्या, यादीत बहुधा तुमचा पत्ता नाही. पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीने सर्व्हरचा पत्ता बदलला की हे हमखास होते, म्हणून सर्व्हर आणि नॅस दोघांनाही स्थिर पत्ते द्या. यादी बदलली की ती लागू करणारी 'एक्सपोर्टएफएस' ही आज्ञा चालवायला विसरू नका. माउंट होऊनही लिहिता येत नसेल तर युजर क्रमांक आणि रूट या मुख्य युजरचे अधिकार काढून घेणारा 'रूट स्क्वॉश' हा पर्याय तपासा. सगळ्यांना ७७७, म्हणजे सगळे अधिकार, देऊन टाकणे हा उपाय नव्हे. 'स्टेल फाइल हँडल' आले तर स्टोरेजवरचे ते फोल्डर हलले किंवा पुन्हा बनवले गेले आहे. तिथे माउंट काढून पुन्हा करावे लागते.

छोट्या फाइली जातात आणि मोठ्या अडकतात, असे असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, पाहा. दोन्ही टोकांना ९००० आणि मधल्या स्विचवर १५०० असले की असे होते. तुकडे न करण्याच्या अटीवर ८९७२ बाइटचा पिंग पाठवा. तो गेला नाही आणि १४७२ चा गेला, तर निदान झाले. एसएमबीवाल्यांसाठी: मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्याने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतली कमजोरी जगाला दाखवली, तेव्हा जुन्या नॅससाठी ती आवृत्ती पुन्हा चालू करू नका, नॅसचे फर्मवेअर, म्हणजे आतले सॉफ्टवेअर, बदला. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून साइनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर ओळखीची डिजिटल सही, मुळातच सक्तीची झाली आहे, त्यामुळे पासवर्डाविना चालणारी जुनी शेअर फोल्डरे अचानक उघडेनाशी होतात. त्यांना युजर आणि पासवर्ड द्या. ओळख पटवणारी कर्बेरॉस ही पद्धत वापरत असाल तर दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत सहसा ५ मिनिटांहून जास्त फरक चालत नाही, म्हणून घड्याळे जुळवणारी एनटीपी सेवा तपासा. आणि आयस्कझीची एकच डिस्क साध्या फाइल सिस्टिमवर दोन सर्व्हरना एकाच वेळी कधीही जोडू नका, दोघे एकमेकांचे लिहिलेले पुसतील. उरलेले प्रश्न चहाच्या वेळी घेऊ, फक्त एररचे नेमके शब्द लिहून आणा.