कोपऱ्यातलं पाकीट

[दृश्य: काळा टर्मिनल. टाइप होत असलेल्या ओळींच्या मध्येच नव्या मेलच्या ओळी उमटतात.]

निवेदन:
बर्कली विद्यापीठ, १९८०. युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या माणसाला नवा मेल आला, की चालू कामाच्या मधोमध त्याच्या पहिल्या ओळी पडद्यावर येऊन पडायच्या. हे करणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे 'बिफ'. नाव एका कुत्र्याचं. टपालवाला आला की तो भुंकायचा, अशी गोष्ट पुढे पसरली. ती खरी नाही, असं प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच सांगितलंय. पण गोष्ट काही मागे हटली नाही.

नंतर युनिक्सवर खिडक्या आणि चित्रं दाखवणाऱ्या एक्स विंडोवर 'एक्सबिफ' आला. पडद्यावर टपालपेटीचं चित्र. मेल आला की पेटीचा झेंडा वर, चित्रावर क्लिक केलं की खाली. तुम्ही मेल उघडला का, वाचला का, उत्तर दिलंत का, कसलीही चौकशी नाही. 'बरं, कळलं' एवढं सांगायला एक क्लिक पुरायचा. ही सोय लक्षात ठेवा. पुढे बऱ्याच हुशार मंडळींच्या हातून ती निसटली.

[दृश्य: घड्याळाशेजारी एकेक करून वाढत जाणारे आयकॉन.]

निवेदन:
विंडोज ९५ ने घड्याळाशेजारचा कोपरा सगळ्या प्रोग्रामना खुला केला, आणि प्रत्येकाने तिथे आपापला आयकॉन आणून ठेवला. एकावर डावा क्लिक चालायचा, दुसऱ्यावर उजवा, तिसऱ्यावर डबल. विंडोज एक्सपीने यावर उपाय काढला, तो न वापरलेले आयकॉन एका बाणामागे लपवण्याचा. पसारा होता तेवढाच राहिला, फक्त दिसेनासा झाला.

१९९६ मध्ये आयसीक्यू हे चॅटचं सॉफ्टवेअर आलं, आणि निरोप आलाय का या प्रश्नाला दुसरा प्रश्न येऊन चिकटला: मी कुणाला सापडायचं, आणि कुणाला नाही? त्यासाठी यादी दिली होती. जागेवर नाही, उपलब्ध नाही, कामात आहे, व्यत्यय नको, गप्पांना मोकळा, अदृश्य. 'जागेवर नाही' आणि 'उपलब्ध नाही' यांत नेमका फरक काय, हे निवडणाऱ्याला नीट सांगता यायचं नाही, आणि पलीकडच्याला त्याने काही फरक पडायचा नाही. त्याला एवढंच हवं असतं, की आत्ता लिहिलं तर उत्तर येईल का. २००० साली इंटरनेटच्या मानकांमध्ये उपस्थितीचा, म्हणजे कोण सापडेल आणि कोण नाही याचा, नमुना मांडला गेला, त्यात मूळ अवस्था दोनच धरल्या: खुला आणि बंद. २००४ च्या एक्सएमपीपी या चॅटच्या मानकात पुन्हा अवस्थेच्या चार खुणा आल्या.

आणि खूण आपोआप बदलली तरी पंचाईत. काही मिनिटं कीबोर्ड शांत राहिला, की प्रोग्राम परस्पर जाहीर करतो, हा जागेवर नाही. तो बिचारा समोरच बसून लांबलचक मजकूर वाचत असतो.

[दृश्य: उबुंटूचा वरचा पॅनल. पाकिटाचा रंग बदलतो.]

निवेदन:
या गोंधळात सर्वांत धीट प्रयोग उबुंटू या लिनक्सवरच्या प्रणालीने केला. एप्रिल २००९ च्या ९.०४ आवृत्तीत सूचनांच्या फुग्यांवरची बटणंच काढून टाकली. फुगा दिसतो, विरतो. माऊस वर नेला तर पुसट होतो आणि क्लिक थेट खालच्या खिडकीला लागतो. फुगा बघायचा चुकला तर चुकला. आलेला निरोप वरच्या पाकिटात थांबलेला असतो. मेल आणि चॅट, सगळ्यांना मिळून एकच पाकीट. पाकिटावर आकडा नाही, फक्त रंग बदलणार. कुणाचं किती आलंय, ते उघडल्यावर. हा संयम मला आजही आवडतो. तरी एक खोट होती: ज्याला रंग ओळखता येत नाहीत, त्याला नुसता रंगबदल काय सांगणार?

पुढच्या वर्षी, १०.०४ मध्ये, शेजारी दुसरा मेनू आला, 'मी मेनू'. स्वतःची अवस्था तिथे निवडायची. कागदावर विभागणी चोख होती: एकीकडे इतरांकडून आलेलं, दुसरीकडे माझ्याविषयीचं. पण 'आता नको' असं माणसाला वाटतं कधी? निरोप आला की. म्हणजे हात पाकिटावर असतो, आणि बटण शेजारच्या मेनूत. ११.१० मध्ये 'मी मेनू' मोडला, आणि अवस्था पाकिटात येऊन बसली. पुढे त्याच मेनूत, निरोप न वाचताच पाकिटाचा रंग उतरवण्याचीही सोय आली. एक्सबिफचा तो क्लिक, वळसा घेऊन परत.

या सगळ्यात एक काम मात्र चुपचाप, उत्तम झालं. पॅनलवरच्या मेनूंना एकच वागणूक मिळाली. कुठलंही बटण दाबा, मेनूच उघडणार. तो उघडा असताना बाजूला सरका, शेजारचा उघडणार. शिवाय पडद्याच्या कडेला माऊस आपोआप अडतो, त्यामुळे नेम धरावा लागत नाही.

[दृश्य: गनोमची सूचनांची यादी, तळाशी एक स्विच.]

निवेदन:
मार्च २०२० मध्ये गनोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपने, ३.३६ आवृत्तीत, सूचनांच्या यादीखाली 'व्यत्यय नको'चा एक साधा स्विच दिला. दाबला की फुगे बंद. पण ही शांतता आपल्यापुरतीच. आपण स्विच दाबलाय, हे निरोप धाडणाऱ्याला कळत नाही. तो लिहीत राहतो, आणि उत्तर का येत नाही म्हणून पुन्हा लिहितो.