रविवारी कुणाला उतरवायचं?

मंडळी, मला विषय दिला गेला तो ‘फॅन्टसी फुटबॉल’ एवढाच. तो एका संध्याकाळी उरकणारा नाही. म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेतो. सप्टेंबर ते डिसेंबर दर रविवारी सकाळी या सभागृहातल्या निदान निम्म्या लोकांना तो छळतो: संघात चार-पाच रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे गडी, आहेत, उतरवायचे दोन, फार तर तीन. कोणते?

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही आणि जे केवळ नंतरच्या बटाटेवड्यांसाठी थांबलेत, त्यांच्यासाठी दोन मिनिटं. दहा-बारा जणांची लीग असते. मोसमाआधी ड्राफ्ट होतो, प्रत्येकजण पाळीपाळीने एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, खरे खेळाडू उचलतो. दर आठवड्याला त्यातले काही उतरवायचे, ही आपली लाइनअप. ते खऱ्या सामन्यात जे करतील त्याचे गुण आपल्याला मिळतात, आणि लीगमधल्या एका प्रतिस्पर्ध्याच्या गुणांशी ताडले जातात. धावून दहा यार्ड काढले की एक गुण, टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोललाइनपार नेण्याला, सहा, चेंडू हरवला तर दोन वजा. बऱ्याच लीगमध्ये झेललेल्या प्रत्येक पासला आणखी एक गुण असतो, काहींत अर्धा. भारतात ड्रीम इलेव्हनवर संघ लावलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पण तिथे दर सामन्याला नवा संघ लावायचा आणि कर्णधाराचे गुण दुप्पट. इथे ड्राफ्टमध्ये घेतलेला माणूस तुम्ही सोडेपर्यंत तुमचाच, आणि त्याच लीगमध्ये तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. हे इंटरनेटचं खूळ आहे असं घरच्यांना वाटत असेल तर त्यांना सांगा, ओकलंड रेडर्स या संघात भागीदारी असलेल्या बिल विंकनबाख यांनी दोघांबरोबर याचे नियम १९६२ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून ठरवले. पहिला ड्राफ्ट १९६३ चा. हिशेब सगळा हाताने.

आता मुद्द्यावर येतो. बहुतेक लोक लाइनअप लावताना गेल्या आठवड्याचे गुण बघतात. गुण म्हणजे निकाल, आणि निकालात नशीब भरपूर मिसळलेलं असतं. बघायचं ते काम. चेंडू किती वेळा त्या माणसाच्या हातात दिला जातो, आणि मैदानाच्या कुठल्या भागात. पंगतीत कुणाला भूक किती आहे यापेक्षा वाढपी त्याच्यापाशी किती वेळा थांबतो यावर पान भरतं, तसंच हे.

एक हिशेब मांडू. एका बॅकने नऊ कॅरीत, म्हणजे चेंडू घेऊन नऊ वेळा धावून, ४१ यार्ड काढले, पण दोन टचडाउन केले. झाले १६.१ गुण. दुसऱ्याने १९ कॅरीत ६८ यार्ड काढले, चार पास झेलून आणखी २७ यार्ड, टचडाउन शून्य. झेलाला पूर्ण गुण धरून त्याचे १३.५. सोमवारी यादीत पहिला वर दिसतो. पुढच्या रविवारी मी डोळे झाकून दुसऱ्याला उतरवीन. २३ वेळा चेंडू हातात आलेला माणूस पुढच्या वेळीही बहुधा वीसच्या आसपास राहतो. नऊ वेळा चेंडू मिळालेला माणूस पुन्हा दोन टचडाउन करील, याची हमी कोण देणार?

त्यातही झेलांकडे नीट बघा. एक साधी कॅरी चार-सव्वाचार यार्डांची, म्हणजे ०.४ गुणांच्या आसपास. सात यार्डांचा एक झेल म्हणजे १.७. चौपट. २०१९ मध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्रीने कॅरोलायनाकडून धावून १,३८७ यार्ड काढले, शिवाय ११६ झेल घेऊन आणखी १,००५. त्या वर्षी तो ज्यांच्याकडे होता त्यांना झेलाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. म्हणून दोन बॅक सारखेच वाटले, तर पासच्या डावात मैदानावर कोण थांबतो ते शोधा. संघ मागे पडला की धावणं बंद होतं आणि पास सुरू होतात. केवळ धावणारा गडी तेव्हा बाकावर जाऊन पाणी पितो.

दुसरी जागा गोललाइनची. इथे मला जरा थांबायचंय, कारण लोक फसतात ते इथेच. २०२३ चा फिलाडेल्फिया ईगल्स आठवा. डी’अँड्रे स्विफ्टने त्या मोसमात १,०४९ यार्ड काढले. चांगला संघ, वाट मोकळी करून देणारी दणकट ऑफेन्सिव्ह लाइन. कागदावर याच्या टचडाउनची रास पडायला हवी होती. धावून किती झाले? पाच. आणि क्वार्टरबॅक, म्हणजे एरवी पास फेकणारा, जेलन हर्ट्सचे धावून पंधरा. शेवटचा एक यार्ड उरला की हर्ट्स चेंडू घेणार, मागून दोघंतिघं त्याला ढकलणार, टचडाउन त्याचा. स्विफ्ट सत्तर यार्ड रेटून संघाला तिथवर नेणार आणि मग बाजूला उभा. यात स्विफ्टचा काही दोष नव्हता, त्याच्या संघाची रीतच तशी होती. तेव्हा आपल्या बॅकचा क्वार्टरबॅक शेवटच्या यार्डात काय करतो, हे माहीत नसताना ‘संघ चांगला आहे’ म्हणून त्याला उतरवू नका.

याच्या उलट डेट्रॉइट. त्याच वर्षी डेव्हिड मॉन्टगोमेरीने धावून १,०१५ यार्ड आणि १३ टचडाउन केले, तर जमीर गिब्जने ९४५ यार्ड आणि १०. दोघांत काम विभागलेलं म्हणून लोक नाक मुरडत होते. पण काम मुळातच इतकं होतं की दोघांना पुरून उरलं. मोडक्या संघाच्या एकट्या बॅकपेक्षा मला असा निम्मा वाटा केव्हाही चालतो.

कोणता संघ किती गुण करील याचा अंदाज बांधायला सट्टेवाल्यांचे आकडे वापरा. सट्टा लावू नका, आकडे फुकट आहेत. सामन्यात दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज ४८ धरलीय आणि एक संघ सहाने वरचढ मानलाय, तर ४८ चे निम्मे २४, त्यात तीन मिळवा, तीन वजा करा: एकाचे २७, दुसऱ्याचे २१. २७ वाल्या संघाचा बॅक शेवटच्या पावतासात घड्याळ संपवायला चेंडू घेऊन धावत राहण्याची शक्यता जास्त. समोरच्या बचावाची क्रमवारी मी याच्या खाली ठेवतो, आणि पहिले तीन-चार आठवडे तर बघतही नाही.

आता दुखापती. रविवारच्या सामन्यासाठी बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे सरावाचे अहवाल येतात. बुधवारी अनुभवी खेळाडूला विश्रांती देतात, त्याने घाबरू नका. शुक्रवारीही सराव केला नसेल तर घाबरा. मात्र शेवटचा शब्द निष्क्रिय, म्हणजे त्या दिवशी न खेळणाऱ्या, खेळाडूंच्या यादीचा, ती सामन्याच्या दीड तास आधी येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकच्या सामन्यांसाठी साडेअकराला. लंडनमधला सामना सकाळी साडेनऊला असला तर आठ वाजता, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी पहाटे पाचचा गजर लावायचा. पुण्याहून इथल्या मित्रांबरोबर लीग खेळणाऱ्यांची उलट चैन: साडेअकराची यादी त्यांना रात्री नऊला मिळते, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की दहाला.

२०२४ चा पहिला आठवडा घ्या. मॅकॅफ्री आता सॅन फ्रान्सिस्कोत, पोटरी आणि टाचेचं दुखणं, अहवालात ‘क्वेश्चनेबल’, म्हणजे खेळेल की नाही ते अनिश्चित. सामना सोमवारी रात्री, जेट्सविरुद्ध. सामन्याच्या दीड तास आधी कळलं, तो खेळणार नाही. तोवर रविवारचे सगळे सामने संपलेले, आणि सामना सुरू झालेला खेळाडू लाइनअपमध्ये कुलूपबंद होतो. ज्यांनी त्याच संघाच्या पर्यायी बॅकला, जॉर्डन मेसनला, बाकावर ठेवलं होतं त्यांनी त्याला आत घेतलं. त्याने २८ कॅरीत १४७ यार्ड काढले आणि एक टचडाउनही केला. बाकीच्यांना त्या जागी शून्य.

यात एक बारीक युक्ती आहे. फ्लेक्स नावाची जी जागा असते तिथे रनिंग बॅक किंवा पास झेलणारे रिसीव्हर, टाइट एंड कुणीही चालतो. तिथे नेहमी सर्वांत उशिरा खेळणारा गडी ठेवायचा. समजा, मॅकॅफ्री फ्लेक्समध्ये असता आणि तुमच्याकडे सोमवारी खेळणारा एखादा रिसीव्हर बाकावर असता, तर तो सरळ आत गेला असता. मॅकॅफ्रीला बॅकच्या जागेत टाकून फ्लेक्समध्ये रविवारी दुपारी खेळलेला बॅक ठेवला असेल, तर तो रिसीव्हर निरुपयोगी. गुरुवारी सामना असलेल्या खेळाडूला फ्लेक्समध्ये ठेवणारे लोक मला आजही दर मोसमात भेटतात. काय बोलणार!

शेवटचा प्रश्न म्हणजे धोका किती घ्यायचा. उत्तर समोर कोण आहे त्यावर अवलंबून. तुमचा संघ वरचढ असेल तर खात्रीचे दहा-अकरा गुण देणारा बॅक घ्या, मग तो कितीही कंटाळवाणा असो. सोमवारच्या आधी तुम्ही तीस गुणांनी मागे असाल तर त्या दहा गुणांचं लोणचं घालायचंय का? तेव्हा एका धावेत सत्तर यार्ड काढू शकणारा घ्या, तो बहुतेक वेळा चार गुण देत असला तरी. २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात मायामीने डेन्व्हरला ७०–२० असं धुतलं, तेव्हा नवखा डेव्हॉन एचेन २०३ यार्ड धावला आणि चार टचडाउन करून गेला. झेलाचे पूर्ण गुण धरून ५१.३. तो तोवर मोसमात फारसा खेळलाच नव्हता, त्यामुळे बहुतेकांच्या बाकावर होता. त्याला बाकावर ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्यापुढे जी माहिती होती तिच्यावर तोच निर्णय बरोबर होता. पण तीस गुणांनी मागे असलेल्याने असाच गडी उतरवायचा असतो.

टचडाउनचं भाकीत मात्र कुणी सांगू लागला तर ऐकून सोडून द्या. २०१८ मध्ये ग्रीन बेविरुद्ध टॉड गर्ली मोकळा सुटला होता. पण त्याच्या संघाला, रॅम्सला, वेळ संपवायचा होता, आणि टचडाउन झाला की चेंडू समोरच्याकडे जातो, म्हणून तो गोललाइनच्या अलीकडेच थांबला. त्याच्या फॅन्टसी मालकांचे सहा गुण तिथेच गवतावर राहिले. दोन वर्षांनी अटलांटाकडून डेट्रॉइटविरुद्ध त्याला पुन्हा असंच थांबायचं होतं. तोल गेला, तो आत पडला, टचडाउन झाला, आणि उरलेल्या वेळात डेट्रॉइटने सामना २३–२२ असा जिंकला. मालक खूश!

आणि ज्यांच्या लीगचा अंतिम सामना अजून अठराव्या आठवड्यात आहे त्यांनी पुढच्या ड्राफ्टआधी तो सतराव्यात आणावा. प्लेऑफमधलं, म्हणजे बाद फेरीतलं, स्थान पक्कं झालेले संघ शेवटच्या आठवड्यात आपले मुख्य बॅक बसवून ठेवतात, आणि मग मी आज सांगितलेल्यातलं काहीही तुमच्या कामाला येणार नाही.