आठवड्याला सहा टक्के

(दृश्य : दादर पश्चिम. शटर ओढलेलं दुकान. बाहेर हातात पावत्या धरलेली माणसं.)

६ जानेवारी २०२५, सोमवार. दादरला टोरेस ज्वेलरीच्या दुकानासमोर गर्दी जमली. दर आठवड्याला खात्यात येणारे पैसे यायचे थांबले होते. सानपाडा, कल्याण, मीरा रोड, कांदिवली, सगळीकडे तेच. गर्दीत भाजीवाले होते, नोकरदार होते, निवृत्तीचे पैसे टाकून बसलेले होते. पुढे तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. फसलेल्यांचा आकडा हजारोंत गेला, रक्कम शंभर कोटींच्या पुढे. मुख्य संशयितांमध्ये युक्रेनचे नागरिक होते आणि ते केव्हाच देशाबाहेर पोचले होते, असं पोलिसांनी सांगितलं.

योजना ऐकायला सोपी होती. दुकानात जायचं, मॉइसनाइटचा खडा घ्यायचा. खडा तुमचा, पावती तुमची. शिवाय भरलेल्या रकमेवर दर आठवड्याला सहा टक्के, वर्षभर. आणखी कुणाला आणलंत तर त्याचं वेगळं कमिशन.

(दृश्य : भिंगाखाली खडा. सराफाची बोटं तो सावकाश फिरवतायत.)

हा मॉइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, बाजारात येतो तो प्रयोगशाळेत तयार झालेला. लखलखाट हिऱ्यापेक्षाही जास्त. उष्णतेवर चालणारा साधा डायमंड टेस्टर टेकवला, तर तो बरेचदा याला हिरा म्हणून पास करून टाकतो. जाणकार सराफ मात्र भिंग लावून खडा जरासा तिरका धरतो आणि आतल्या कडा बघतो. हिऱ्यात कड एकेरी दिसते, मॉइसनाइटमध्ये दुहेरी. पण एवढं तपासायला जातो कोण? हातात डबी आली, सर्टिफिकेट आलं, की मनात ‘गुंतवणूक’ हा शब्दच येत नाही. आपण काहीतरी विकत घेतलंय, अगदीच वाईट वेळ आली तर मोडता येईल, असं वाटतं. खड्याचा खरा उपयोग तेवढाच होता.

आता कागद-पेन घ्या. एक लाख भरले. आठवड्याला सहा हजार येणार. सोळा आठवडे झाले, शहाण्णव हजार आले. म्हणजे जवळजवळ चार महिने तुम्हाला जे मिळालं ते तुमचंच होतं, हप्त्याहप्त्याने परत केलेलं. नफ्याचा पहिला रुपया सतराव्या आठवड्यात. आणि तोवर कुणी थांबलेलं नसतं. मेव्हणा आलेला असतो, शेजारच्या काकू आलेल्या असतात, आपणही दुसरा लाख टाकलेला असतो. बँकेची मुदत ठेव वर्षाला सहा-सात टक्के देते. तेवढं आठवड्याला देणारा धंदा जगात कुठला आहे, हा प्रश्न कागदावर मांडला की उत्तरासाठी सीए लागत नाही.

शेवटी शेवटी हा दर अकरा टक्क्यांपर्यंत नेला. लोकांना ती ऑफर वाटली. एरवी ज्याचा धंदा बरा चाललाय तो उधारीवर जास्त व्याज कशाला देईल? दर अचानक चढला, ‘अमुक तारखेच्या आत भरा’ सुरू झालं, की समजावं, गल्ल्यात खडखडाट आहे.

(दृश्य : लोकलचा डबा. मोबाइलवर बोटं.)

हाव नडली, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. यातले कितीतरी जण चांगले सावध होते. त्यांनी आधी थोडेसेच टाकले, वाट पाहिली, पैसे आल्यावर मगच मोठी रक्कम काढली. घोळ त्या परीक्षेतच आहे. ‘आधी थोडे टाकून बघू’ या परीक्षेत अशी योजना हमखास पास होते, कारण ती रचलेलीच त्यासाठी असते. १९२० मध्ये बॉस्टनला चार्ल्स पाँझी नावाचा माणूस पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के देत होता आणि सुरुवातीच्यांना ते खरोखर मिळतही होते, नंतर येणाऱ्यांच्या पैशातून.

दुसरी पळवाट, ‘कंपनी रजिस्टर्ड आहे’. कंपनी रजिस्टर करता येते, जीएसटी नंबरही मिळतो. लोकांकडून ठेवी गोळा करायची परवानगी त्यातून मिळत नाही, ती रिझर्व्ह बँक, सेबी अशा नियामकांच्या हातात असते. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर कुणाला ठेवी घ्यायची मुभा आहे ते बघता येतं, तक्रारही करता येते. विचारणाऱ्याला कानकोंडं व्हायला होतं, कारण योजना घेऊन येणारा बहुधा आपलाच माणूस असतो. आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला पैसे मिळालेलेच असतात.

वस्तू मात्र बदलत राहते. २०१९ मध्ये सांगलीच्या इस्लामपुरात ती कडकनाथ कोंबडी होती. आज ती व्हॉट्सॲप ग्रुपमधून आलेलं शेअर ट्रेडिंगचं ॲप आहे. स्क्रीनवर नफा फुगतो, पहिल्यांदा दोन-पाच हजार काढूही देतात. मोठी रक्कम मागितली की ‘आधी टॅक्स भरा’. असा ऑनलाइन पैसा गेला असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत कळलं, तर बँक ती गोठवू शकते.

(दृश्य : फायलींचे गठ्ठे.)

टोरेससारख्या प्रकरणात मार्ग लांबचा. लागू होतो तो ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, म्हणजे एमपीआयडी. मालमत्ता जप्त होते, कोर्टाच्या हुकमाने लिलाव होतो, मग वाटप. त्यात वर्षं जातात. पावती, बँकेचं स्टेटमेंट, एजंटचे मेसेज, काहीही डिलीट करू नका.

याच काळात एक फोन येतो. नाव, भरलेली रक्कम, सगळं त्याला माहीत असतं, कारण फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. ‘तुमचे अडकलेले पैसे मंजूर झालेत, फक्त प्रोसेसिंग फी यूपीआयने पाठवा.’ कोर्ट असा फोन करत नाही. फोन ठेवा आणि तो नंबर तुमच्या तपास अधिकाऱ्याला द्या.