लाटसाहेबाच्या डोंगरावर जिरावण

नमस्कार श्रोतेहो. आपण इंदूरची मराठी माणसं अंदमानला जातो ती सेल्युलर जेलसाठी. सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडायचे आणि दुसऱ्या दिवशी समुद्रावर पळायचं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही हेच ठरवून गेलो होतो. एक दिवस मोकळा सापडला, म्हणून चॅथमच्या धक्क्यावरून बोटीने बांबू फ्लॅटला उतरलो आणि तिथून गाडीने माउंट हॅरिएटवर.

हा डोंगर समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या थोडा वर. आपलं इंदूर साडेपाचशेवर. म्हणजे रामबागेत आमच्या सासूबाई सोफ्यावर बसतात, तेव्हा त्या ह्या डोंगराच्या माथ्याहून उंच असतात! माझ्या आठ वर्षांच्या मुलाने हे गणित आजीला सांगितलं आणि संपलंच. बाहत्तराव्या वर्षी त्या हॉटेलात थांबायला तयार होईनात.

पण उंचीवर जाऊ नका. आपल्या चोरल-पाताळपाणीच्या रानात फाल्गुन आला की साग उघडाबोडका होतो, आरपार दिसतं. इथे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, आपल्या तिप्पट. गर्जनाची झाडं सरळसोट वर गेलेली, पहिली फांदी बघायला मान मोडावी लागते. पडाउकच्या बुंध्याला तर भिंतीच फुटलेल्या असतात. दोन भिंतींच्या बेचक्यात माझा मुलगा उभाच्या उभा मावला. वारा नाही. चष्मा पुसावा तर रुमालही ओला.

माथ्यावर चीफ कमिशनरचा उन्हाळी बंगला होता. आज चौथरा आणि पडक्या भिंती. सासूबाई तिथे बराच वेळ थांबल्या. विटांच्या सांध्यात बोटाएवढं मूळ शिरलेलं, पुढे मनगटाएवढं झालेलं, आणि वीट आता चुन्याने नाही, त्या मुळानेच धरलेली. आमच्या गच्चीवर पिंपळाचं रोप दिसलं की त्या त्याच दिवशी उपटतात. म्हणाल्या, "साहेबाकडे उपटणारं कोणी राहिलं नाही वाटतं." मला तरी ह्या अवशेषांवरचं एवढं नेमकं वाक्य कुठल्या पाटीवर दिसलं नाही. खरं तर म्हातारं माणूस बरोबर असलं की चाल मंदावते, आणि म्हणूनच अशा गोष्टी दिसतात.

ह्याच डोंगरावर 8 फेब्रुवारी 1872 ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो सूर्यास्त बघायला चढला. हो, अजमेरच्या मेयो कॉलेजचा मेयो. आजाऱ्यांसाठी हवेशीर ठिकाण इथे करता येईल का, हेही त्याला पाहायचं होतं. उतरेपर्यंत अंधार पडला आणि खालच्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी नावाच्या कैद्याने त्याला सुरीने भोसकलं. महिन्याभराने शेर अलीला व्हायपर बेटावर फाशी झाली. पुढे 1891 च्या लढाईनंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र आणि त्यांचे साथीदार काळ्या पाण्यावर आले, ते ह्याच डोंगरावर ठेवले गेले. म्हणून 2021 पासून ह्याचं नाव माउंट मणिपूर.

जुन्या लाल वीसच्या नोटेमागचं चित्रही इथलंच बरं का. आमच्याकडे सगळ्यांच्या खिशात फोन, नोट एकाकडेही नाही!

पुढे काळापत्थरपर्यंत दोनेक किलोमीटरची पायवाट आहे. आदल्या रात्री पाऊस झालेला. अर्ध्या वाटेवर मुलगा किंचाळला. पोटरीवर जळू, चांगली टम्म फुगलेली. हे घाबरून फोनवर उपाय शोधायला लागले, तर रेंज नाही. तेवढ्यात सासूबाईंनी बटव्यातून पुडी काढली आणि चिमूटभर जळवेवर टाकली. जिरावण, आपला इंदुरी मसाला! क्षणात जळू गळून पडली. मुलगा मात्र आणखी जोरात ओरडला, कारण मिठाबरोबर तिखटही जखमेत गेलं.

डॉक्टरांचं ऐकाल तर मीठबीठ टाकू नका. नख आडवं धरून जळवेचं तोंड अलगद सरकवा, जागा साबणाने धुवा, रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका. लांब मोजे घाला, पँट मोज्यांत खोचा. आणि जमलं तर डिसेंबर ते एप्रिलमध्येच जा.

परतीच्या बोटीत मुलगा आजीच्या मांडीवर झोपला. सासूबाई रिकामी पुडी उलटीपालटी करून बघत होत्या. मला म्हणाल्या, "अगं, अजून तीन दिवस आहेत. पोह्यांवर काय घालायचं?"