पॉप्लर: तुरुंगात भरलेली कौन्सिलची सभा

(दृश्य: थेम्सचं वळण, गोदीची जुनी छायाचित्रं)

पूर्व लंडनमधला हा पॉप्लर. गोदी कामगारांची वस्ती. रोज सकाळी गोदीच्या फाटकाशी माणसांची गर्दी व्हायची. मुकादम बोट दाखवेल त्याला त्या दिवसाचं काम. बाकीचे रिकाम्या हातांनी घरी.

१९०० साली बो, ब्रॉम्ली आणि पॉप्लर मिळून पॉप्लर बरो, म्हणजे लंडनचा एक प्रशासकीय विभाग, झाला. स्वतःची कौन्सिल, स्वतःचा महापौर.

पहिलं महायुद्ध संपलं आणि बेकारी वाढली. बेकारांना पोसायचं ते ज्या त्या भागाने, स्वतःच्या घरपट्टीतून. श्रीमंत वेस्टमिन्स्टरमध्ये इमारती महागड्या म्हणून पट्टी भरपूर, गरजू थोडे. पॉप्लरमध्ये घरं साधी आणि दारोदार बेकार. म्हणजे गरिबांचा भार गरिबांच्याच डोक्यावर. हा उघड अन्याय होता.

१९१९ मध्ये मजूर पक्षाने इथल्या कौन्सिलच्या ४२ पैकी ३९ जागा जिंकल्या. जॉर्ज लान्सबरी महापौर झाले. कौन्सिलच्या कामगारांना आठवड्याला किमान ४ पौंड मिळू लागले, बाईला आणि पुरुषाला सारखेच. शंभर वर्षांपूर्वी!

१९२१ मध्ये कौन्सिलने ठरवलं: सगळ्या लंडनचा कारभार पाहणारी लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा यांच्यासाठीची पट्टी वसूलच करायची नाही. प्रकरण कोर्टात गेलं. २९ जुलैला नगरसेवक वाजतगाजत हायकोर्टाकडे निघाले. फलकावर लिहिलं होतं की आम्ही हायकोर्टात चाललोय, कदाचित तुरुंगातही.

(दृश्य: ब्रिक्स्टन तुरुंगाची भिंत)

सप्टेंबरमध्ये ३० नगरसेवक आत गेले. पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, पाच स्त्रिया हॉलोवेच्या. त्यांतल्या नेली क्रेसल गरोदर होत्या. तरी कारभार थांबला नाही: कौन्सिलच्या सभा ब्रिक्स्टनच्या तुरुंगातच भरू लागल्या आणि त्यासाठी हॉलोवेहून स्त्रियांना मोटारीने आणलं जाई. बाहेर लोक जमत, तेव्हा लान्सबरी गजांआडून त्यांच्याशी बोलत.

शेजारच्या स्टेपनी आणि बेथनल ग्रीननेही हाच मार्ग धरायचं ठरवलं, तेव्हा सरकार नमलं. १२ ऑक्टोबरला आत असलेले नगरसेवक सुटले. त्याच वर्षी कायदा झाला आणि गरिबांना पोसण्याच्या खर्चात श्रीमंत भागांनाही हातभार लावावा लागला.

मिनी लान्सबरी, जॉर्ज यांच्या सूनबाई, तुरुंगातून परतल्या त्या खचलेल्या प्रकृतीनेच. १ जानेवारी १९२२ ला न्यूमोनियाने त्या गेल्या. वय ३२.

१९६५ मध्ये पॉप्लर बरो टॉवर हॅम्लेट्स या नव्या बरोमध्ये विलीन झाला.

(दृश्य: बो रोड, संध्याकाळ)

बो रोडवर एका इमारतीच्या भिंतीवर मिनींच्या स्मरणार्थ लावलेलं घड्याळ आजही आहे. खालून बसगाड्या जात राहतात.